पिलाटीज आणि कन्यादानाचा पाट

साक्षगंधाच्या दिवशी हटवार सर वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

प्रसंग मोठा होता. राखीचं लग्न तुमसरच्या राइस मिलवाल्या भय्याजींच्या मुलाशी ठरलं होतं, सरांच्या पवनी गावातल्या घरी पाहुणे बसले होते, आणि मुलीचा बाप या नात्याने सर पूजेचं ताट भय्याजींच्या पुढ्यात ठेवायला खाली झुकले. ताट ठेवलं गेलं. सर वर आले नाहीत. कमरेत एक चमक निघाली होती आणि तिने तिथेच मुक्काम ठोकला होता. भय्याजींना वाटलं, सोयरे फारच नम्र आहेत. त्यांनी सरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. सर हलेनात, तेव्हा आवाज जरा चढवून पुन्हा दिला. त्यानंतरही समोरचं डोकं होतं तिथेच आहे म्हटल्यावर ते आपल्या बायकोकडे पाहू लागले. शेवटी सरांचा धाकटा भाऊ गोपीचंद उठला आणि घडीचा पलंग उचलावा तसा दादाला त्याच आकारात आतल्या खोलीत घेऊन गेला. बाहेर सरांच्या संस्कारांची बरीच तारीफ झाली, असं मागाहून कळलं.

कमरेचं दुःख सर सोसू शकले असते. त्यांना लागलं ते दुसरंच. संध्याकाळी गोपीचंद त्यांच्या उशाशी येऊन बसला आणि अगदी मायेने म्हणाला, "दादा, तू फिकर नको करू. कन्यादानाले मी बसतो पाटावर. तू बाजूले खुर्ची टाकून बस मस्त."

हे बोलणं कुचकं असतं तर सरांना उत्तर देता आलं असतं. माया असल्यामुळे काहीच बोलता येईना. खुर्चीवर बसून आपल्याच मुलीचं कन्यादान पाहणारा बाप म्हणजे अहेर घेऊन आलेला पाहुणा. त्याला फार तर कोणी सरबत आणून देईल. एकुलती एक मुलगी, तिचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि तो देणार काका. सरांनी भिंतीकडे तोंड करून ठरवलं, की वैशाखात लग्न आहे, तोवर आपण पाटावर मांडी घालून बसणार, आणि पूर्ण विधी होईस्तोवर बसणार. हा निश्चय धाडसाचा होता, कारण घरचे भटजी मंत्रातला एकही शब्द गाळत नाहीत अशी त्यांची ख्याती होती.

हटवार सर पवनीतल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत. खंड कसे सरकतात, डोंगर कसे वर येतात, हे त्यांनी इतकी वर्षं इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं की आपल्या पाठीचा कणा तेवढा आपलं ऐकत नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

कंबर धरली की पवनीत माणूस एकटा राहत नाही. शेजारच्या सत्यभामाबाईंनी मोहाच्या तेलाची बाटली आणून दिली. तेल कमरेला लावायचं, आणि लावताना मनात शंका आणायची नाही, असं पथ्य होतं. सरांना शंका आली, त्यामुळे गुण न आल्याचा दोष त्यांच्याकडेच गेला. बाकी सगळ्या गल्लीचं मात्र एकाच उपायावर एकमत होतं: मनकर्णाबाईची लाथ. मनकर्णाबाई पायाळू. जन्मताना पाय आधी आले, म्हणून तिने कमरेत लाथ घातली की उसण पळते. पंचक्रोशीतले लोक सकाळी तिच्या दारासमोर पाठ करून उभे राहत आणि मोकळे होऊन घरी जात. सरांनी नकार दिला. विज्ञानाचा प्रश्न तर होताच, पण ज्या बाईच्या नातवाला आपण मान्सून शिकवतो, तिची लाथ खायची कशी?

म्हणून ते नागपूरला गेले. तिथे दामिनी नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. तिने सरांच्या पोटावर दोन बोटं ठेवली आणि इथला स्नायू आत घ्या म्हणाली. सरांनी सगळा जोर लावला. तो सगळा चेहऱ्यावर दिसला, पोटावर काहीच घडलं नाही. तेव्हा दामिनीने समजावून सांगितलं, की दुखते पाठ, पण दोष पाठीचा नाही. पोटाच्या आतले, कण्याला धरून ठेवणारे स्नायू बऱ्याच वर्षांपासून कामावरच येत नाहीत, आणि त्यांचं काम पाठ एकटी ओढते आहे. उभा जन्म नोकरीत काढलेल्या माणसाला ही व्यवस्था तत्काळ समजली. त्यांच्या कॉलेजातही ती पाठ तेच होते, असं त्यांचं मत होतं.

उपाय होता पिलाटीज. शब्द नवा होता, पण सरांनी तो असा उच्चारला की जणू अभ्यासक्रमात होता. हा व्यायाम पिलाटीज आडनावाच्याच एका जर्मन माणसाने काढला. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजांच्या नजरकैदेत होता. तिथे पडून असलेल्या आजारी माणसांच्या खाटांना त्याने म्हणे स्प्रिंगा बांधल्या आणि त्यांना पडल्या पडल्या व्यायाम दिला. त्या खाटांवरून पुढे सुधारत गेलेली यंत्रं दामिनीकडे होती. घसरती फळी, वर दोऱ्या, खाली स्प्रिंगा. सरांना तो कोष्टीपुऱ्यातला माग वाटला, फक्त सुताच्या जागी माणूस लावलेला. पण यंत्र नसलं तरी चालतं, एक चटई पुरते, असं दामिनी म्हणाली. मग तिने मूळ गोष्टी सांगितल्या. श्वास फासळ्या रुंदावत नाकाने घ्यायचा आणि तोंडाने सोडायचा. सोडताना बेंबी कण्याकडे ओढायची. घाई नाही, घाम नाही, उड्या नाहीत. हलायचं थोडं, पण हलताना आपण काय हलवतो आहे हे ठाऊक पाहिजे. चुकीचे पन्नास करण्यापेक्षा नीट केलेले पाच बरे. अंग कमवायला नव्हे, शरीर ताब्यात ठेवायला हा व्यायाम आहे.

सरांना वाटलं, इतकी सभ्य कसरत आपण आजवर पाहिली नाही. हिच्यात माणूस बहुतेक वेळ झोपलेला असतो.

घरी आल्यावर त्यांनी अंगणात चटई टाकली, कारण आतल्या खोलीत लग्नाची भांडी येऊन पडली होती. पाठीवर पडून गुडघे दुमडायचे आणि एकेक मणका उचलत कंबर वर न्यायची, हा पहिला प्रकार. तो जमला. थोड्या दिवसांत चमक नरमली, आणि सरांचा मूळचा आत्मविश्वास परत आला. पुढच्या प्रकाराला पोहणं म्हणतात. पालथं पडून हात पुढे, पाय मागे, आणि विरुद्ध बाजूंचे हातपाय आळीपाळीने जरा जरा उचलायचे. सर वैनगंगेत कधी उतरले नव्हते, पण अंगणात ते चांगलेच पोहत होते. नेमक्या त्याच वेळी मनकर्णाबाई दारावरून चालली होती. तिने कुंपणातून पाहिलं, तो सर पालथे, पाठ उघडी, आणि हातपाय झाडत आहेत. मास्तर शेवटी कबूल झाले, असं तिला वाटलं. ती मुळात भली बाई. फाटक लोटून आत आली, देवाचं नाव घेतलं, आणि पाय घातला.

सर ओरडले, तशा ज्योत्सनाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून धावत आल्या. सरांचा अपमान एवढ्यावर संपला असता. पण त्या दिवसानंतर त्यांची कंबर आणखी सैल झाली. गल्लीने तारखेवर बोट ठेवून श्रेय मनकर्णाबाईला देऊन टाकलं. जर्मन माणसाचं नावही कोणी घेतलं नाही. सर दारोदार सांगत फिरले, की हा श्वासाचा परिणाम आहे. लोक समजुतीने मान हलवत, आणि जाताना विचारत, "लाथ डाव्या पायाची होती का उजव्या जी?"

आता अंगणात पडणं शक्य नव्हतं. पाठ दिसली की ती आणखी कोणाला उपचारयोग्य वाटेल, याचा नेम नव्हता. बंद दाराची जागा हवी होती. समाजाचं सभागृह होतं, पण ते एकट्या माणसाला देत नसत. कार्यक्रम पाहिजे, चार माणसं पाहिजेत. सर म्हणाले, मग होऊन जाऊ द्या कार्यक्रम. पवनीला पिलाटीजचा परिचय करून द्यायचा, आणि लाथेच्या प्रश्नाचाही जाहीर निकाल लावायचा. स्वतः शिकून त्यांना फार दिवस झाले नव्हते, पण शिकवण्याच्या बाबतीत सर कधीच इतक्या बारकाव्यात शिरत नसत.

सभागृहाचं काम पाहणारे श्यामलाल हे नियमाचे माणूस होते. त्यांच्या पावतीवर कार्यक्रमाचे चार प्रकार छापलेले होते: लग्न, साक्षगंध, तेरवी आणि जेवणावळ. पिलाटीज कशात बसतं? सरांनी त्यांना उभ्याउभ्या कण्याची रचना समजावली. श्यामलाल शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, योग म्हणून हाताने लिहितो, समितीची हरकत राहणार नाही. इथे सरांचा स्वाभिमान आडवा आला. योगाविषयी त्यांना आदर होता, पण योग वेगळा आणि हे वेगळं. भूगोलाचा माणूस नेपाळला भूतान कसा म्हणेल? अर्धा तास चर्चा झाली. लग्न नव्हतं, साक्षगंध होऊन गेलं होतं, तेरवीला सोबत आलेल्या ज्योत्सनाबाईंनी मनाई केली. उरली जेवणावळ. श्यामलालनी तसं लिहिलं, आणि जेवणावळ म्हटली की सभागृहाची भांडीही न्यावीच लागतात, कारण ती न नेणाऱ्यांनीच पुढे भांडी मिळाली नाहीत अशी तक्रार केल्याचा पूर्वानुभव होता.

त्यामुळे रविवारी सकाळी सभागृहाच्या पायरीवर मोठाले गंज, पराती, झारे आणि दोन चुलाणी मांडून ठेवली गेली. आत सरांनी ताडपत्र्या अंथरल्या. धान वाळवायच्या होत्या, पण मऊ होत्या. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. कॉलेजातले सहकारी आले, सत्यभामाबाई सुनेला घेऊन आल्या, बाहेरची भांडी पाहून काही अनोळखी लोकही आत येऊन बसले. मनकर्णाबाईही आली. ती मागे उभी राहिली, गरज पडली तर असावं म्हणून.

सरांनी प्रस्तावना केली, ती बरीच लांबली. मग सगळ्यांना रांगेत पाठीवर झोपवलं आणि पिलाटीजमधला नावाजलेला प्रकार घेतला. पाय वर, डोकं आणि खांदे जमिनीवरून उचललेले, हात अंगाशी सरळ, आणि श्वासाच्या तालावर ते हात खाली वर हलवायचे, शंभर होईस्तोवर. नवशिक्याला हा प्रकार पहिल्या दिवशी देऊ नये असं दामिनीने बजावलं होतं. पण परिचयच द्यायचा तर लहान माणसापासून का सुरू करायचा, मोठ्या माणसापासून का नाही, असा सरांचा विचार. विसाच्या आसपास पोटं थरथरू लागली. चाळिसाला कण्हणं सुरू झालं. साठाच्या पुढे माणसं आडवी झाली, कोणी कुशीवर वळून पोट धरलं, कोणी तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागलं. एक अनोळखी गृहस्थ, जे जेवायला आले होते, आईला हाका मारत होते.

नेमकं तेव्हाच रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने उघड्या खिडकीतून आत पाहिलं. त्याला पायरीवर रिकामे गंज दिसले, आणि आत ताडपत्रीवर रांगेने पडलेली, पोट धरून कण्हणारी माणसं. त्याने काय समजायला पाहिजे होतं, हे सरांनाही पुढे सांगता आलं नाही.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. हे पवनीच्या दृष्टीने अभिमानाचं होतं, पण बोलायची ती वेळ नव्हती. सर दारात आडवे उभे राहून सांगत होते, की इथे कोणीच काही खाल्लेलं नाही. तेवढ्यात स्ट्रेचर आत गेलं आणि त्यावरून आईला हाका मारणारे गृहस्थ बाहेर आले. त्यांना विचारलं, काय खाल्लं होतं. ते म्हणाले, अजून वाढलंच नाही. हे वाक्य गर्दीत शिरून बाहेर पडेस्तोवर त्याचं काय झालं कोणास ठाऊक, पण दुपारपर्यंत सगळ्या मोबाइलवर बातमी होती, की हटवार सरांच्या जेवणावळीत विषबाधा.

बातमी तुमसरला पोचली, आणि दुसऱ्या दिवशी भय्याजी सपत्नीक पवनीला आले. चेहरा मिलच्या शटरसारखा बंद होता. गोपीचंदने पाणी दिलं, त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत. सर विषबाधेचा खुलासा तयार ठेवून बसले होते. तो कोणी विचारलाच नाही.

"इवाई," भय्याजी म्हणाले, "विष होतं का नव्हतं, ते मले माहीत नाही. पण तुम्ही जेवण घातलं, अख्खी पवनी जेवली, आन् आमाले एक फोन नाही. सोयरीक जोडली का नाही आपण?"

सर हादरले. सोयरिकीत विष चालतं, पण जेवणाचं बोलावणं राहिलेलं चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. तिथून लग्नं मोडल्याची उदाहरणं दोन्ही घरांना पाठ होती. ज्योत्सनाबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी चौकट धरली. आतल्या खोलीत राखी होती, तिची हालचाल थांबली. सर म्हणाले, जेवण नव्हतंच. मग गंज कशाला होते, असं भय्याजींच्या पत्नीने विचारलं. जेवणावळीची पावती होती म्हणून. जेवणावळ नव्हती तर पावती कशी? याचं खरं उत्तर सरांनी दिलं, नेपाळ आणि भूतानसकट, आणि देताना त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटू लागलं.

सांगून पटेना, तेव्हा सरांनी दाखवायचं ठरवलं. ते उठले, बैठकीतल्या सतरंजीवर भय्याजींसमोर आडवे झाले, गुडघे दुमडले आणि एकेक मणका सोडवत कंबर वर नेली. मग तशीच सावकाश खाली आणली. "हे होतं जी तिथं," ते खालूनच म्हणाले. "राखीच्या लग्नात मले पाटावर बसता आलं पाहिजे म्हणून करून राहिलो. जेवण असतं तर पहिलं पान तुमचं राहिलं असतं."

 साक्षगंधात आपण आशीर्वाद का देत बसलो होतो, हे बहुधा भय्याजींना तेव्हा उमगलं. त्यांची स्वतःची कंबरही पोती मोजताना उभं राहून राहून गेलेली होती, फक्त तुमसरला कोणाला ते सांगायची सोय नव्हती. ग्लास खाली ठेवून ते अवघडत सतरंजीवर उतरले आणि म्हणाले, दाखवा. सरांनी त्यांना पाठीवर निजवलं, गुडघे दुमडायला लावले, फासळ्यांवर हात ठेवून श्वास घ्यायला सांगितलं. भय्याजींनी घेतला. सोडला. आणखी घेतला. पाचव्या सहाव्या श्वासाला त्यांचं तोंड किंचित उघडलं आणि बैठकीत घोरण्याचा आवाज सुरू झाला.

 त्यांच्या पत्नी हळूच ज्योत्सनाबाईंना म्हणाल्या, "दुपारची झोप या माणसाले कधी लागत नाही वो. राहू द्या." मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या, आणि भय्याजी जागे झाले तेव्हा पहिलं पान त्यांचंच मांडलेलं होतं.

वैशाखात लग्न लागलं. सर पाटावर बसले. मांडी घातलेली, कणा सरळ, शेजारी ज्योत्सनाबाई. मागे गोपीचंद घडीची खुर्ची घेऊन उभा होता, असू द्यावी म्हणून. भटजींनी ख्यातीला धक्का लागू दिला नाही. काही मंत्र त्यांनी दोनदा म्हटल्याचा सरांना संशय आला. पण कंबर हूं की चूं करेना. राखीचा हात आपल्या हातात घेऊन सरांनी जावयाच्या हातात दिला, वर पाणी सोडलं. मंडपातून पाहणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांच्या पाठीत एखादी पट्टी घातलेली असावी असं वाटलं. सरांना ते नजरेतून कळलं आणि त्यांनी पाठ आणखी ताठ केली.

"झालं, उठा," भटजी म्हणाले.

सरांनी उठायचा हुकूम सोडला. कमरेने पाळला, पोटाने पाळला, उजवा पाय मात्र जागेवर नव्हता. मांडीखाली दबून तो केव्हाच बधिर झाला होता; ढुंगणापासून अंगठ्यापर्यंत तिथे काही असल्याची खूण लागेना. दामिनीने पाठीचं, पोटाचं, फासळ्यांचं सगळं सांगितलं होतं. या पायाविषयी ती काही बोलली नव्हती. उठायला गेलो तर सरळ होमात किंवा जावयाच्या अंगावर, हा हिशेब सरांनी झटक्यात केला, आणि समोर पाहत शांतपणे बसून राहिले.

भटजींनी पुन्हा सांगितलं. ज्योत्सनाबाई कानाशी पुटपुटल्या, "उठा नं जी."

"बसू दे थोडं," सर म्हणाले.

ज्योत्सनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने असं काही मागितलेलं त्यांना आठवेना. त्यांचे डोळे भरले, आणि अर्ध्या उठलेल्या त्या परत बसल्या. ते पाहून मागच्या बायकांत पदर डोळ्यांना लागले. बापाला उठवत नाही, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते मंडपभर गेलं. बँडवाल्यांनी वाजवायला उचललेली वाद्यं खाली ठेवली. तिकडे भय्याजी शेल्याच्या टोकाने नाक पुसत होते. सरांना हे सगळं दिसत होतं. एवढ्या लोकांना आता पायाचं सांगायचं कसं, हा विचार ते करत होते, तोवर राखी उठून त्यांच्यापाशी आली. सकाळपासून ती रडायचं नाही असं ठरवून बसली होती. शालूची पर्वा न करता ती जमिनीवर टेकली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, तुमसरलेच तर चालली मी."

पाय बधिर झाला आहे, एवढंच सांगायला सरांनी तोंड उघडलं. निघालं ते वेगळंच. पवनीने हटवार सरांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि सर ते काम इतर सर्व कामांसारखंच मोठ्याने करतात, हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं.

मध्येच केव्हातरी पायात मुंग्या धावल्या आणि विरल्या. पाय परत आला होता. अंगठा हलत होता. गोपीचंदने खुर्ची बाजूला ठेवली आणि खाली वाकून हात पुढे केला.

"दादा, उठवू का तुले?"

"नको," सर म्हणाले. "मले उठता येते."

आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून ते तसेच बसून राहिले.